नारायणकाकांच्या गाडीची टाकी

एक वर्ष झालं, ही पोस्ट लिहायचं टाळून राहिलो.

आज टाळता येत नाही. नारायणकाकांचं वर्षश्राद्ध आहे, आणि मी एका जागी बसलो आहे. मला ओळखणाऱ्यांना याचंच नवल वाटेल.

काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. मूर्तिजापूरजवळ त्यांचा मळा. मेथी, पालक, अंबाडी, बांधावर झेंडू.

मी अमरावतीचा. बारावी अर्धी टाकून इकडेतिकडे भटकत होतो, तेव्हा काकांनी ठेवून घेतलं. विचारलं काहीच नाही. फक्त म्हणाले, जेवायच्या टायमाले येत जा.

शेडमध्ये आजोबांची मोटरसायकल होती. सीपी अँड बेरारच्या टायमाची, स्वातंत्र्याच्या आसपासची.
आजोबा तिच्यावर भाजीच्या टोपल्या बांधून बाजाराला जायचे. पुढं टाकीवर शांताआत्या बसायची, चार-पाच वर्षांची.

आत्या आता परतवाड्याला. डोळे गेले, खुबा मोडला, खाट सुटत नाही. कान मात्र तिखट.
फोनवर काकांना एकच म्हणायची, "नारायणा, गाडीचा आवाज आयकू दे एकडाव."

मी म्हटलं, फोनवरच ऐकवू की. काका म्हणाले, फोनात सगळेच इंजिन पिठाच्या चक्कीसारखे वाजतात. गाडी तिच्या दारात नेऊनच चालू करायची, असं त्यांचं ठरलेलं.

इंजिन चांगलं होतं. घोडं टाकीपाशी अडलं.
आत टॉर्च मारला तर गंजाचे पापुद्रे. पेट्रोल टाकलं की लाल गाळ कार्बोरेटरमध्ये, दोन मिनिटांत गाडी बंद.

काकांची पद्धत साधी. टाकीत चिंचेचं पाणी आणि बारीक गिट्टी भरायची, तोंड बंद करून गोधडीत गुंडाळायची, ट्रॅक्टरच्या चाकाला बांधून वावरात हळूहळू चकरा मारायच्या. मग चार दिवस तशीच भिजू द्यायची. शेवटी सोड्याच्या पाण्यानं खंगाळायची.

खरं काम त्याच्यापुढं. टाकी मांडीवर घेऊन उन्हात फिरवत बसायचं, पाणी एका जागी थांबू द्यायचं नाही. वाळली की लगेच आत ऑइल फिरवायचं. घासलेलं लोखंड जुन्यापेक्षा लवकर गंजते, काका म्हणायचे.

अर्धा घंटा, बस.
ते काम मला देऊन काका भाजी घेऊन बाजारात गेले.

रस्त्यावर जीप थांबली. दोस्त लोक मेळघाटात चालले होते.
मी टाकी भिंतीला टेकवली. म्हटलं, ऊन तर आहेच.

तीन दिवसांनी आलो. येताना परतवाड्यात चहा प्यायलो, आत्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. गेलो नाही.

काकांनी टाकी उलटी केली. लाल पाणी आलं. मी शिव्यांची वाट पाहत उभा.

"तुह्या पायाले भिंगरी हाये लेका. तिले कोणतं ऑइल लावू?"

एवढंच. आणि पुन्हा चिंच भिजवली.

पाचव्या दिवशी टाकी खंगाळायची होती. सकाळी काकांनी मला टाकीखालच्या पेट्रोल कॉकचे वॉशर आणायला मूर्तिजापूरला पाठवलं. लवकर ये, म्हणाले.
मी स्टेशनवर बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ पाहत बसलो. मग एक ओळखीचा भेटला. मग रसवंती.

परतलो तेव्हा ऊन डोक्यावर.
काका खळ्यात बसले होते. टाकी मांडीवर, मान खाली.

मी म्हटलं, काका, वॉशर आणले.

डॉक्टर म्हणाले, हार्ट.
काकू म्हणाली, दोनदा सावलीत बोलावलं, तर म्हणाले, वाळू दे, मंग उठतो.

आत्याला फोन मीच केला. ती रडली नाही. विचारलं, "त्याच्यापाशी कोण होतं रे?"

"मी होतो," मी म्हणालो.

"बरं झालं बाप्पा. एकटा नव्हता."

तेव्हापासून परतवाड्याला गेलो नाही. फोन आला की रेंज नाही म्हणून ठेवून देतो.
त्या दिवशीच्या गडबडीत टाकी खळ्यातच पडून राहिली. पुन्हा लाल झाली.

चार दिवसांपूर्वी मी चिंच भिजवली. यावेळी मी कुठंच गेलो नाही.
आता खळ्यात बसलो आहे, टाकी माझ्या मांडीवर आहे. एका हातानं फिरवून राहिलो, एका हातानं टाईप करून राहिलो. चुका समजून घ्या.

गाडी चालू झाली की आत्याकडे न्यायची आणि खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. पण चालू झाली तरी मी जाईन का, माहीत नाही. काहीतरी निघेल मध्येच. माझं निघतेच.

काका, तुम्ही माझं काम करत बसले होते. तुमच्यापाशी कोणीच नव्हतं. हे आज इथं लिहिलं.
रामराम घ्या.

थांबा. फाटकापाशी गाडी आली. काकू धावत गेली.

आत्या आहे.
नातवानं दोन हातांवर उचलून आणलं तिला. काकूला म्हणून राहिली, भावाचं वर्ष हाये, खाटेवर कशी पडून राहू.

टाकीचा आवाज ऐकून आता माझ्या दिशेनं विचारते, खळ्यात कोण बसलं हाये?