चंद्रप्पा मापाड्याचं दुसरं पारडं

औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चंद्रप्पाइतका कंटाळवाणा मापाडी दुसरा झाला नाही. इतरांचा काटा ओळखीचं तोंड बघून जरासा झुकायचा. हा सख्ख्या मेहुण्याच्या तुरीतूनही बारदानाचं, रिकाम्या पोत्याचं, वजन कापायचा. मेहुण्यानं दोन दिवाळ्या तोंड दाखवलं नाही. चंद्रप्पाची बायको त्यावरून अजून टोमणे मारते. ती विसरली की मी आठवण करून देतो.

या सरळ माणसाची एकच चोरी होती. लिलाव आटोपला की किराणा दुकानदार वीरण्णा मोंढ्यामागच्या कडुलिंबाखाली यायचा. चंद्रप्पा तळहातावर तंबाखू मळायचा, चुना वीरण्णा लावायचा, मग अर्धी अर्धी दोघांच्या ओठाखाली. अशी चाळीस वर्षं गेली. चोरी अशासाठी, की मुलगी सुकन्या जन्मली तेव्हा वीरण्णानं गळ्यातलं इष्टलिंग हाती धरून बायकोला, उमाबाईंना, शब्द दिला होता: तंबाखू सुटली. घरी जाताना तो वेलदोडा चघळायचा. मोंढ्यातल्या कुत्र्यांनाही हे ठाऊक होतं.

मागल्या वर्षी चंद्रप्पाच्या गालातली जखम भरेना. लातूरला दाखवलं, कॅन्सर निघाला. अर्धा जबडा काढला. तो घरी आल्यावर तनुजा नावाची पोरगी कागद घेऊन आली. अशा आजारांची कारणं शोधणाऱ्यांकडं ती कामाला होती.

"काका, एका माणसावरून काही ठरत नाही," ती म्हणाली. "तंबाखू खाऊन कुणी नव्वदी गाठतो. म्हणून शेकडो आजारी घ्यायचे, आणि त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच गावचे तेवढेच धडधाकट. दोघांना तेच प्रश्न विचारायचे. तुमचा एखादा मित्र सांगा. आणि मन बदललं, तर तुमचा कागद कधीही मागे घेता येईल."

वाकड्या तोंडानं चंद्रप्पा हसला. "म्हंजी एका पारड्यात मी, दुसऱ्यात तो. आलं ध्यानात. वीरण्णाला इचारा. त्यो बी खाऊन ठणठणीत हाय का न्हाई, हे..." एवढं बोलून थांबला. "त्याचं त्यो सांगंल." स्वतःचं मात्र चाळीस वर्षांचं चिमूट-चिमूट लिहून दिलं.

तनुजा वीरण्णाकडं गेली तेव्हा मी तिथं चहाला होतो. तिनं एकांत मागितला. "आमच्यात काय लपवाछपवी?" म्हणत उमाबाई पदर सावरून समोर बसल्या. मी तरी उठायला हवं होतं. उठलो नाही.

"तंबाखू?" तनुजानं विचारलं.

"पोरगी झाली तवाच सोडली. तीस वर्षं झाली," वीरण्णा म्हणाला. तेवढ्यावर थांबता तर गोष्ट वेगळी होती. "चंद्रप्पाला बी लई सांगितलं, सोड बाबा म्हून. ऐकलंच न्हाई बिचाऱ्यानं."

माझ्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी चंद्रप्पासमोर मी वीरण्णाची हुबेहूब नक्कल केली. वाटलं, हसेल.

"बिचारा म्हणाला?" त्यानं विचारलं.

"हाव."

सकाळी तो दुकानात गेला. वीरण्णा साखर जोखत होता, उमाबाई गल्ल्याशी. चंद्रप्पानं तंबाखूची डबी फळीवर ठेवली. "वीरण्णा, आपून कवा सोडली रे?"

वीरण्णानं आधी बायकोकडं बघितलं, मग मित्राच्या जबड्याकडं. "तुझी औषधं लई जड हाईत, चंद्रप्पा. ध्यानात राहत न्हाई माणसाच्या."

"बसा भावजी, चहा टाकते," उमाबाई म्हणाल्या. तो बसला नाही.

तनुजाला त्यानं खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुमचं ऐकून त्यांचं उत्तर मला बदलता येत नाही. ते स्वतः बोलले तरच."

"मंग माझा कागद खोडा."

"तुमचं तर सगळं खरं आहे."

"म्हूनच. पलीकडं खोटं माप हाय हे ठावं असून मी कवा पोतं तोललं न्हाई."

तिनं बरंच समजावलं. आजाराचं कारण लोकांना कळायला असे कागद लागतात, म्हणाली. ते त्याला तिच्याआधी कळलं होतं. शेवटी तिनं आडवी रेघ मारली, त्यानं रेघेशेजारी सही केली.

दुपारी कडुलिंबाखाली आता कुणी नसतं. डबी दुकानातच राहिली. उमाबाईंनी ती फेकली नाही. रोज जेवताना वीरण्णाच्या ताटाशेजारी ठेवतात, मग भाकरी वाढतात. हे मला कुणी सांगितलं, ते मात्र विचारू नका.