पेटीतली गोधडी

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये गुणवंत टिपरे सुटीच्या दिवशी स्पीकरसाठी प्लायवूडच्या पेट्या बनवत. पेटी घुमू नये म्हणून आतून काहीतरी मऊ चिकटवावं लागतं. एका रविवारी कापूस कमी पडला. टिपऱ्यांनी दिवाणातली जुनी गोधडी काढली, कापली आणि सरस लावून आत बसवून टाकली. एवढा हुशार माणूस, पण बायकोला विचारायचं काही सुचलं नाही.

सुमित्राबाई भाजी घेऊन आल्या तोवर पेटी बंद झाली होती.

"माझ्या आईनं शिवलेली होती ती," त्या म्हणाल्या. "स्वतःची लुगडी फाडून. मागितली असतीत तर रजई दिली असती."

"अगं, आवाज तर ऐक. बिल्कुल साफ."

त्यांनी बोटानं पेटी वाजवून दाखवली. हवा तसा बद्द आवाज आला. त्यानंतर सुमित्राबाईंना काहीही विचारलं की उत्तरही तसंच येई, "हं."

पुढे सुमित्राबाई वारल्यावर टिपऱ्यांनी पेटी उघडली. सरस सुटेना, लुगड्याच्या नुसत्या चिंध्या हाताला आल्या. त्यांनी त्या घडी घालून दिवाणात ठेवल्या.

पेटी आता फार घुमते. घरात कापूस आहे, पण टिपरे तो भरत नाहीत.