शाई खाली बसते का?

माझ्यासारख्याने कुणावर लिहायला बसणं जरा अतीच आहे. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या. पण आमच्या त्या मॅडम तुम्हीही पाहायला हव्या होत्या.

चहाचा ग्लास हातात आला की त्या आधी तो खिडकीच्या उजेडात धरायच्या. "थांब, बघू दे. खाली काय बसतंय, वर काय राहतंय." तोवर चहा निवायचा.

गाव त्यांचं अकोल्याकडचं. नगरला आम्हाला फिजिक्स शिकवायच्या. एकदा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाणी घातलेल्या दुधाचा थेंब ठेवला. दूध आमच्याच घरचं. त्यातले स्निग्धाचे बारीक गोळे नुसते थरथरत होते. पाण्याचे न दिसणारे रेणू त्यांना चहूकडून धक्के देतात, असं मॅडमनी सांगितलं.

"आता सांग, हे दूध तसंच ठेवलं तर हे गोळे कुठे जमतील?"

"खाली, मॅडम. वजनानं समदं खालीच जातं की."

"अरे दूधवाल्या, तुमच्याकडे साय पातेल्याच्या तळाशी धरते का रे?"

वर्ग खो खो हसला. मी चाचरत म्हणालो, "पण काळ्या शाईतली काजळी तर पाण्याहून जड असती. ती?"

मॅडम खुलल्या. काळी शाई पाण्यात अगदी पातळ करून त्यांनी काचेच्या नळीत भरली, तोंड बंद केलं आणि नळी प्रयोगशाळेच्या कपाटात उभी केली. "पृथ्वी खाली ओढणार, पाणी धक्के देऊन उधळणार. मोठे कण बसतील. बारीक मात्र खाली दाट, वर विरळ असे तरंगत राहतील, असं पुस्तक म्हणतं. मी शेवटपर्यंत कधी पाहिलं नाही. आता बघायचंच."

मग रोज आल्या आल्या त्यांचं आधी कपाटापुढे उकिडवं बसणं. झाडणाऱ्या मावशी जवळ आल्या की, "मावशी, फडकं लांब!"

दिवाळीनंतर त्या आजारी पडून गावी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "नळी हलू देऊ नको. रंग बदलायचा थांबला की फोटो पाठव. घाई नको."

उन्हाळ्यात रंग थांबला. तळाशी गडद काळा, वर जाताना फिका, तरीही काळसर. मी फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांच्याच नंबरवरून फोन आला. आवाज पुरुषाचा.

"मी तिचा भाऊ. ताई गेली रं, मागच्या महिन्यात. सारखी इचारायची, फोटो आला का म्हनून."

मग म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाई. पन बसली का ती शाई खाली?"

"न्हाई, दादा," मी म्हणालो. "समदी न्हाई बसली."