धोंड्याच्या महिन्यात मेलेला जावई

मी सिनेमात एकदाच मेलो, आणि तेसुद्धा सासऱ्यांच्या हातून.

(हे सांगितलं की लोक आधी माझ्या बायकोकडे बघतात. तिने काहीही लावालावी केलेली नव्हती, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो.)

सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी श्रीरामपूरला एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना आला होता. त्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला सासुरवाडीला बोलावतात, पाटावर बसवून त्याचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खायला घालतात आणि तो साक्षात नारायण आहे असं समजून त्याच्यापुढे वाकतात. शिवाय तो मागेल ते द्यायचं, अशी रीत. शाळेला सुट्टी होतीच. मी आणि बायको, सुमन, एसटीत बसलो आणि खर्ड्याला उतरलो.

बघतो तर किल्ल्यापाशी तंबूच तंबू. एक कंपनी सिनेमा काढायला आली होती. घोडदौड, तलवारबाजी, भुयार, खजिना, पळवून नेलेली राजकन्या, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. आज त्या सिनेमाला जाणकार लोक अजरामर वगैरे म्हणतात. मी गेलो तेव्हा दाढ्यामिशांचं खोकं उघडं पडलं होतं आणि एक शेळी त्यातली सेनापतीची दाढी खात होती.

सैन्यात माणसं गावातलीच घेतली होती. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणत असे, ते तर आधीच राजाचे स्वार होऊन बसले होते. त्यांची चंद्री नावाची पांढरी घोडी दिग्दर्शकांच्या मनात भरली होती आणि चंद्री मामांशिवाय कुणालाच पाठीवर टिकू देत नव्हती. कंपनीचे दोन पट्टीचे स्वार तिने बाभळीत नेऊन टाकले, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

दिग्दर्शकांना सगळे साहेब म्हणत. साहेबांनी मला पाहिलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा चेहरा मरायला छान आहे."

आयुष्यात माझ्या चेहऱ्याबद्दल पहिल्यांदाच कुणी बरं बोललं होतं. काम सोपं होतं. स्वार दौडत येणार, वार करणार, मी कोसळणार आणि मग कॅमेरा सरकत सरकत माझ्या तोंडाजवळ येणार. पडदाभर मी एकटा! शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला कधी भालदाराचंही काम मिळालं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी हेडमास्तरांना कार्ड टाकलं की सिनेमा लागला की अख्ख्या स्टाफने यावं, माझा चेहरा दिसेल. मग दोन दिवस परड्यात आरसा टांगून मरायचा सराव केला. तोंड किती उघडं ठेवायचं यावर सुमनचं आणि माझं भांडणसुद्धा झालं.

शूटिंगच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझे पाय धुतले, सात धोंडे खायला घातले आणि मी रणांगणावर गेलो. मला मारणारा स्वार कोण, हे मला ठाऊक नव्हतं. मामा दिवसभर तंबूंकडेच असल्यामुळे मरणारा कोण, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चंद्री धूळ उडवत आली. मामांनी तलवार उगारली, मला पाहिलं आणि लगाम खेचला.

"राम राम, पाव्हणं. उन्हात कशापायी हुबं ऱ्हायलात?"

"कट!" साहेब ओरडले. "काय झालं?"

"सायब, ह्यो आमचा जावई हाय."

"मग?"

"मग काय मग? धोंड्याचा महिना हाय. सकाळी ह्यांचं पाय धुतल्यालं पानी डोळ्याला लावलंय. आन् दुपारच्याला मुंडकं उडवू व्हय?"

"अहो, तलवार लाकडी आहे."

"तलवार लाकडी हाय, जावई खरा हाय."

साहेब मदतनिसाला म्हणाले, "मरायला दुसरा माणूस बघ." आता हेडमास्तरांना काय तोंड दाखवू? मी मामांना घोडीच्या आडोशाला घेतलं.

"मामा, मारा हो मला. पाया पडतो."

"आसं करू नका, पाव्हणं. पाप लागंल मला."

तेव्हा मी रीतच पुढे केली. "धोंड्याला जावई मागेल ते देणार ना? मला अंगठी नको, घड्याळ नको. एक वार द्या."

मामांचा चेहरा पार पडला. देवाला नाही म्हणायची सोय नव्हती आणि देवाला हाणायचीही नव्हती. बराच वेळ ते चंद्रीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "द्येतो. पर हळू."

दुसऱ्या खेपेला मामांनी वार केला, तो माझ्यापासून चांगला दोन हात लांब. तरी मी पडलो. उत्तम पडलो. पण गर्दीत सुमनबरोबर सासूबाई उभ्या होत्या. त्या पदर खोचून थेट युद्धात घुसल्या.

"आवं, काय केलंत ह्ये? पोरीच्या कुकवाचा तरी इचार करायचा!" असं म्हणत त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं.

मी डोळे न उघडता कुजबुजलो, "मामी, मी मेलोय. बाजूला व्हा."

"सणासुदीचं आसं अभद्र बोलू न्हाई," त्या म्हणाल्या आणि मला पाणी पाजायला लागल्या. सुमन एका धोंड्यावर बसून पोट धरून हसत होती. तिच्या कुंकवाचीच गोष्ट चालली होती, पण तिला त्याचं काही नव्हतं.

उन्हं उतरायला लागली होती. साहेब म्हणाले, "आता शेवटचं. जमलं तर ठीक, नाहीतर मास्तरांना काढून टाकतो." सासूबाईंना चहाच्या तंबूत बसवून ठेवलं. मामांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि चंद्रीला टाच दिली.

या खेपेला डोळे मिटलेलेच राहिले, त्यामुळे वार खरोखरच खांद्यावर बसला. मी मनापासून ओरडलो आणि आडवा झालो. पायातल्या वहाणा उडाल्या, पण तोंड अगदी कॅमेऱ्याकडे झालं. सरावाप्रमाणे मी ओठ थोडे विलग केले. कॅमेरा माझ्याकडे सरकायला लागल्याचा आवाज आला. आयुष्याचं सार्थक व्हायला चार पावलं उरली होती.

तेवढ्यात मामांनी घोडीवरून उडी टाकली. तलवार फेकली, मुंडासं काढून जमिनीवर ठेवलं आणि धावत येऊन माझ्या पायांवर डोकं टेकलं. मामा तालमीतले, अंगाने आडवेतिडवे. माझा चेहरा त्यांच्या पाठीआड पुरता झाकला गेला.

"माफी करा, नारायना," ते रडत पुटपुटत होते.

मी मेलेला असल्यामुळे 'मामा, सरका' असंही म्हणता येईना. कुणीतरी 'कट' म्हणेल म्हणून वाट पाहिली. कुणी म्हणेना. कॅमेरा मामांवर गेला, मग हळूच माझ्या पावलांवर आला आणि तिथेच थांबला. साहेब तोंडाचा आ करून बघत होते, आणि मग उजेड गेला.

पुढच्या वर्षी सिनेमा श्रीरामपूरला लागला. अख्ख्या स्टाफने एक रांग धरली. स्वार आला, वार झाला, आणि तो विजयी वीर घोड्यावरून उतरून मेलेल्या शत्रूच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला. मागे सनई. टॉकीजभर टाळ्यांचा कडकडाट.

हेडमास्तर माझ्याकडे झुकले. "मास्तर, तुम्ही कधी येणार?"

"येऊन गेलो, सर."

सुमन हळूच म्हणाली, "डावा अंगठा छान आलाय."

त्या एका दृश्याने पुढे कहर केला. नंतर कितीतरी वर्षं तलवारीच्या प्रत्येक सिनेमात नायक आधी शत्रूला कापायचे आणि मग त्याच्या पाया पडायचे. जत्रेतल्या वगातही तेच. मामांना लोक लांबून बघायला येत. मला बघायला कुणी आलं नाही. खांदा मात्र थंडीत अजून दुखतो.

परवा नगरला त्या सिनेमावर एका तरुण प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. सुमनला घेऊन गेलो. त्या दृश्यावर ते अर्धा तास बोलले. शत्रूचा सन्मान, युद्धाची व्यर्थता, मानवता, बरंच काही. (धोंड्याचा उल्लेख नव्हता.) मला राहवेना. सुमन बाही ओढत होती तरी मी उठलो आणि सांगितलं, "साहेब, ते पाय माझे आहेत."

सभागृहात खसखस पिकली. प्राध्यापक प्रेमाने हसले.

"नाही हो, आजोबा. तो लाकडी पुतळा होता. नीट बघा, इतकं निर्जीव पडून राहणं जिवंत माणसाला जमणारच नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अभिनयाची आजवर झालेली ती एकमेव स्तुती असल्यामुळे मीही वाजवल्या.