दोन प्रोसेसर आणि समान अटी

मी आजवर तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय झाडूसुद्धा विकत घेतलेला नाही.

यात माझा दोष नाही. सरकारी खात्याच्या खरेदी विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला डावीकडे एक पार्टी, उजवीकडे दुसरी पार्टी आणि मध्ये रकाने आखल्याशिवाय काही दिसतच नाही. (एकदा दोन डॉक्टरांचा तक्ता करता करता माझा ताप आपोआप उतरला होता. फी वाचली!)

त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये एका सोमवारी घरातला कॉम्प्युटर 'फट्' करून गेला, तेव्हा मी मनातून खूश झालो. माझ्या बायकोचा, वृंदाचा चेहरा मात्र उतरला. शाळेतली नोकरी सोडून ती जुन्या फोटोंच्या फिल्म बनवायला शिकली होती आणि तिला पहिलंच काम मिळालं होतं. समोरच्या काळेकाकूंच्या सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, रविवारी सहस्रचंद्रदर्शन होतं. नानांच्या लहानपणापासून ते मिलमधून निवृत्त होईपर्यंतचे फोटो, मागे गाणी, अशी वीस मिनिटांची फिल्म हॉलमध्ये जेवणाआधी दाखवायची होती.

"अहो, बाकी काही नको, रविवारपर्यंत चालेल असा एक कॉम्प्युटर आणून द्या," वृंदा म्हणाली. "ही फिल्म जमली ना, तर पुढची कामं येतील. नाही जमली तर काकू सगळ्या कॉलनीत सांगतील."

"आणतो. पण रीतसर."

'रीतसर' ऐकल्यावर तिनं डोळे मिटून घेतले. तिला अनुभव आहे.

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात दोन पसंत पडले. एकात आय-सेव्हन प्रोसेसर, पण तिसऱ्या जनरेशनचा. दुसऱ्यात आय-फाइव्ह, पण सहाव्या जनरेशनचा. म्हणजे एकाचा हुद्दा मोठा आणि दुसऱ्याचं वय कमी! शिवाय आय-सेव्हन दीड हजारानं स्वस्त. मला तर दुकानातच रकाने दिसायला लागले.

"दोनों ले जाओ भिया," दुकानदार म्हणाला. "दो-चार दिन चला के देखो, जो जमे रख लेना."

(आमच्या इंदुरात पाव किलो शेव घ्यायची तरी आधी चार प्रकारची चाखायला देतात. मग प्रोसेसरनंच काय पाप केलंय?)

बुधवारी दोन्ही कॉम्प्युटर घरी आले आणि त्यांच्या मागोमाग मेहुणा आला. मिलिंद हा वृंदाचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरमधलं त्याला माझ्याइतकंच कळतं, म्हणजे बोलण्यापुरतं.

"जिजाजी, आँख मूंदके आय-सेव्हन घ्या! एका टाइमला आठ कामं करतो तो."

"अरे, म्हातारा झालाय तो. आय-फाइव्ह नवा आहे, वीज कमी खातो."

"नवा कायचा? तो पण कुठून तरी रिटायर होऊनच आलाय ना!"

झालं. आय-फाइव्ह माझा, आय-सेव्हन त्याचा. तीन दिवस चाचण्या चालल्या. सुरू व्हायला लागणारा वेळ, फिल्म तयार व्हायला लागणारा वेळ, आवाज, उष्णता. (उष्णता मोजायला मिलिंदचा तळहात हे अधिकृत साधन ठरलं.) माझा आय-फाइव्ह वीस सेकंदांत सुरू व्हायचा, त्याचा सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळून व्हायचा. पण फिल्म तयार करायला बसवलं, की आय-सेव्हन मिनिटभर आधी मोकळा! गुण सारखेच होत होते आणि माझा आनंद वाढत होता.

चाचण्यांच्या फटीफटीतून वृंदा आय-फाइव्हवर तिचं काम करत होती.

"ताई, जरा ऊठ ना, गरमी मोजायची है."

"मोज बाबा, मोज," म्हणत ती उठायची. गुरुवारी ती चौदा वेळा उठली. तरी शुक्रवारी संध्याकाळी फिल्म झाली. नानांचा सायकलवरचा एक फोटो तेवढा काकू शोधून देणार होत्या. तो घातला की काम संपलं.

शनिवारी सकाळी वृंदा स्वयंपाकघरात असताना मिलिंदनं हरकत घेतली.

"जिजाजी, ही तर बेईमानी आहे! तुमचा आय-फाइव्ह डावीकडे कूलरसमोर बसलाय. माझा उजवीकडे भिंतीला चिकटून भाजतोय."

मुद्दा बिनतोड होता. समान अटी नसतील तर तक्त्याला अर्थ काय? आम्ही दोन्ही डबे उचलून त्यांच्या जागा बदलल्या. दोन्ही काळे, दोन्ही सारखेच धुळकट. वृंदाला सांगितलं नाही. कामात असलेल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा?

दहा वाजता ती हॉलमधला प्रोजेक्टर बघायला निघाली. दारातून म्हणाली, "डावीकडच्याला हात लावायचा नाही. नानांची फिल्म आहे त्यात. उजवीकडच्याचं काय करायचं ते करा."

आणि मी शपथेवर सांगतो, डावीकडच्याला आम्ही बोटही लावलं नाही!

उजवीकडे आता माझा आय-फाइव्ह होता. त्यात बराच माल भरलेला दिसला. "मिलिंद, तुझा रिकामा आणि माझा भरलेला. याला कोरा करू आणि मग मोजू."

मिलिंद घुटमळला. "ताईचं काही नाही ना याच्यात?"

"तिचं डावीकडे आहे. तिनंच सांगितलं ना आत्ता?"

कॉम्प्युटरनंही दोनदा विचारलं, नक्की पुसू का? मी दोन्ही वेळा 'हो' दाबलं. माझ्या उभ्या नोकरीत मी एकाही फाइलवर इतक्या खात्रीनं सही केलेली नाही.

बाराला वृंदा सायकलवरचे नाना घेऊन आली आणि डावीकडे बसली.

"हे माझं मशीन नाहीये."

मी तिला कूलरचा न्याय समजावून सांगितला. ती उजवीकडे वळली. पडदा स्वच्छ निळा होता.

"फिल्म?"

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. "समान अटी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

ती ओरडेल अशी माझी तयारी होती. ती ओरडली नाही. खुर्चीत मागे टेकली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिलंच काम होतं हो," ती म्हणाली. मला इतकी लाज वाटली, की मी हातातला तक्ता पाठीमागे लपवला.

मग तिनं पदरानं डोळे पुसले, कोऱ्या मशीनवर फिल्मचा प्रोग्राम पुन्हा चढवला आणि मोबाइल काढला. काकूंनी पाठवलेले फोटो त्यात होते. "लग्नापर्यंतचे नाना डावीकडे, लग्नानंतरचे उजवीकडे. अहो, तुम्ही इकडे बसा. मिलिंद, तू तिकडे. मी सांगेन तेवढंच करायचं."

मिलिंद ती सांगेल तेवढंच करत गेला. मी प्रत्येक फोटोला विचारत होतो, "हा तीन सेकंद ठेवू का चार? दोन्ही करून बघू या?"

"तीन!"

मिलिंदचे नाना मिलमधून रिटायर झाले, तेव्हा माझ्याकडचे नाना अजून चड्डीत होते. शेवटी तिनं मला उठवलं, आणि लग्नापर्यंतचे नानाही मिलिंदनंच उरकले. मग दोन्ही मशीन एकदमच फिल्म तयार करायला लावली आणि संध्याकाळी सहाला दोन्ही तुकडे झाले, जवळजवळ एकाच वेळी. मी घड्याळ बघितलं होतं, पण लिहून घेण्याची हिंमत झाली नाही.

रविवारी फिल्म चालली. मिलच्या फाटकाचा फोटो आला तसे नाना खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेले आणि एकेका मित्राचं नाव सांगायला लागले. हॉलमध्ये सगळ्यांचे डोळे ओले. जेवणाच्या पंगतीतच वृंदाला चार कामं मिळाली.

सोमवारी दुकानदाराचा फोन. "भिया, कौन सा रख रहे हो?"

वृंदानं फोन माझ्या हातातून घेतला. "दोनों. पर ये बताओ, इन दोनों में अच्छा कौन सा है?"

"अरे भाभीजी, प्रोसेसर तो उन्नीस-बीस हैं. एक में नई डिस्क है, वो फटाफट चालू होता है. दूसरे में पुरानी पड़ी है, बस!"

म्हणजे तीन दिवस मी मोजली ती डिस्क.

आता दोन कॉम्प्युटर म्हटल्यावर वृंदाला दुसऱ्यावर बसायला एक माणूस हवा होता. घरात उमेदवार दोन. तिनं ना रकाने आखले, ना चाचणी घेतली. मिलिंद मंगळवारपासून रोज संध्याकाळी कामाला येतो. माझं काय ठरलं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. नाकारलेल्या पार्टीला कळवायची पद्धत आमच्या खात्यातही नाही.