तुमच्याकडं चालते, आमच्याकडं अडकते

काही घरांत रिकामे डबे जमतात, काही घरांत रद्दी. आमच्या घरात किस्से जमलेत, आणि तेही बिघडलेल्या डिस्कचे! आमचे हे शिरूरमध्ये लग्नाचं शूटिंग करतात. शूटिंग ह्यांनी करायचं आणि डिस्क मी राइट करायच्या, अशी आमची वाटणी. एकीकडं कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, दुसरीकडं कॉम्प्युटरवर टक्के बघायचे, असा माझा कारखाना वीसेक वर्षं चालला.

आता लोक पेनड्राइव्ह मागतात. पण जुन्या डिस्क काही पाठ सोडत नाहीत. नवरी दोन लेकरांची आई झाली तरी तिच्या लग्नाची डिस्क आमच्या दारात हजर! आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, तुमच्याकडं चालती, आमच्याकडं अडकती." डिस्कला सासर-माहेर कळतं की काय, देव जाणे!

*

कोरेगाव भीमाच्या एक मावशी आल्या. लेकाच्या लग्नाची डिस्क पहिल्याच दिवशी बंद. मी डिस्क उलटी केली, तर चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची पाच बोटं! वर दोन अक्षता चिकटलेल्या.

"अहो मावशी, हे काय?"

"नवी वस्तू घरात आली, पूजा नगं का करायला?"

मी डिस्क धुतली, मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली, त्यांच्यासमोर लावून दाखवली आणि बजावलं, "मावशी, डिस्कला काहीही लावायचं नाही."

दिवाळी झाल्यावर मावशी पुन्हा हजर. ह्या वेळी काखेत अख्खा प्लेअर.

"ताई, तुमचा शब्द म्या मोडला न्हाई बगा. डिस्कला बोट लावलं न्हाई. ह्याला लावलं, पार आतल्या भिंगापातुर!"

*

सणसवाडीच्या कंपनीत काम करणारे एक बिहारी भाऊ होते. स्वतःच्या लग्नाची डिस्क गावाकडं पाठवायची म्हणून त्यांनी ती मित्राच्या कॉम्प्युटरवर स्वतःच राइट केली. आईकडं डिस्क पोचली, चालली मात्र नाही. तेव्हा तशीच दुसरी बनवून ते माझ्याकडं घेऊन आले.

मी उघडून बघितली. आत एकच फाइल, एक केबीची!

"देखा भाभीजी, तीन घंटे की शादी एक केबी में बिठा दी!" त्यांचा चेहरा असा खुललेला की मला सांगवेना. त्यांनी व्हिडिओऐवजी त्याचा शॉर्टकट तेवढा डिस्कवर टाकला होता. लग्न सगळं मित्राच्या कॉम्प्युटरातच.

मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं, "भैया, इसमें सिर्फ पता है. शादी उधरच रह गई."

भाऊंनी डिस्क उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "मतलब भाभीजी, कार्ड पहुँच गया, बारात नहीं पहुँची!"

*

लोकांना हसते, पण आमच्या घरचाही एक किस्सा आहे. माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेतून रिटायर झालेले. माझ्या भावाचं लग्न ह्यांनीच शूट केलं, म्हणजे जगात कुठली सीडी बिघडायला नको होती तर ती.

त्या काळात ह्यांना स्टिकरचं वेड लागलं होतं. सीडीवर नवरानवरीचा मोठा गोल फोटो चिकटवायचा. "गिऱ्हाईक फोटो बघूनच खूश होतं," असं ह्यांचं म्हणणं. पण हा फोटो बोटभर सरकून बसला होता!

दौंडला सगळी मंडळी टीव्हीसमोर बसली. नव्या वहिनीच्या माहेरचे आठजण आलेले. सीडी आत गेली आणि प्लेअर असा घरघरायला लागला की टेबलावरच्या कपबशा हलल्या. वडील उठले, प्लेअरला कान लावला आणि म्हणाले, "जावईबापू, चाक डुगडुगतंय. ही गाडी पुढं सोडू नका."

निदान अगदी बरोबर होतं. वाकडा स्टिकर काढला की काम झालं, असं ह्यांना वाटलं. मी "अहो, नको" म्हणेपर्यंत ह्यांनी नखानं टोक उचललंसुद्धा. सर्रकन स्टिकर निघाला आणि त्याच्यासोबत सीडीचा चंदेरी पापुद्रा! खाली उरली नुसती पारदर्शक चकती. तिच्यातून आरपार वहिनीचे वडील दिसत होते.

ह्यांनी स्टिकर वर धरला, मागून पुढून बघितला आणि म्हणाले, "लग्न ह्याला चिकटून आलंय."

*

फोनवरून दुरुस्ती सांगायची म्हणजे तर परीक्षाच! एका मामांना मी वीस मिनिटं सगळं समजावलं. टीव्हीच्या मागं पिवळी वायर पिवळ्यात घाला, डिस्क चकचकीत बाजू खाली करून ठेवा, रिमोटचं हे बटण, ते बटण. मामा प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणत होते.

"आता काय दिसतंय, मामा?"

"काय न्हाई."

"लाल दिवा तरी लागलाय का?"

"लाइट सांजच्याला येती, ताई. तुमी सांगून ठिवा, माज्या ध्यानात ऱ्हातंय."

*

चर्चमधल्या मुलांनी नाताळचं नाटक केलं होतं. त्याच्या डिस्क मी करून दिल्या. दुसऱ्याच दिवशी शांतामावशींचा फोन. नाटक त्यांनीच बसवलेलं, त्यामुळं आवाज चढलेला.

"अगं, मेंढपाळ येऊन उभे ऱ्हायलेत, तारा बघून निघालेले मागी लोक उंटावरून उतरलेत, आन् बाळ काय जन्माला येईना!"

चूक माझी होती. लग्नसराईच्या गर्दीत मी डिस्क फुल स्पीडवर राइट केलेल्या. तसं केलं की कधीकधी डिस्कची बाहेरची कड, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट, कच्चा राहतो. मी कबूल केलं, "मावशी, घाई झाली हो. सावकाश करून देते."

"मरियेनं नऊ महिने वाट बघितली. तुला दहा मिनिटं दम निघाला न्हाई व्हय?"

*

आणि हे गेल्या वर्षीचं. घोड नदीकाठच्या गावाहून एक आबा एसटीनं आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाची डीव्हीडी आम्हीच केलेली. रुमालात बांधून आणली होती. आबांची बायको मागच्या पावसाळ्यात गेली होती.

"घरी लावली तर निम्म्यात अडकती," आबा म्हणाले. "ती बोलती ते म्होरंच हाय. फोटू चार हायेत तिचं, पर त्यातली एक बी बोलत न्हाई. लेकीच्या मोबाइलात बी तिचा आवाज न्हाई. ह्यातच काय हाय ते."

मी डिस्क उजेडात धरली. तीच ती घाईची सराई, तीच कच्ची कड, इतक्या वर्षांत निम्म्यापर्यंत आत आलेली. मूळ कॅसेटवर आम्ही तेव्हाच दुसरं लग्न शूट करून टाकलेलं. मला फार लाज वाटली. आबांना मी ते सांगितलं.

"तवा सगळ्यांचीच घाई हुती," आबा म्हणाले. "मला बी कुठं सवड हुती तिचं ऐकायला?"

कॉम्प्युटरनं डिस्क ओळखलीच नाही. नवा प्लेअर निम्म्यात थांबला. शेवटी ह्यांनी माळ्यावरून आमचा पहिलावहिला जड प्लेअर काढला. पुसला, भिंग साफ केलं. कधी नव्हे ते हे एका शब्दानं चेष्टा न करता काम करत होते. डिस्क आत गेली. निम्मं ओलांडलं. चित्राचे चौकोन चौकोन झाले, पुन्हा जुळले.

मांडव दिसला. आमच्याकडं पाहुणे जेवल्याशिवाय मुलीचा बाप जेवत नाही. तेव्हाचे धट्टेकट्टे आबा पत्रावळ्या गोळा करायला सांगत फिरत होते. मागून त्यांची बायको आली, हिरव्या लुगड्यात, हातात भाताचं पातेलं.

"आवं, शेवटची पंगत उठली. आता तरी दोन घास खाऊन घ्या की."

पडद्यावरच्या आबांनी मागं न बघताच हात हलवला आणि ते टेम्पोकडं निघून गेले. ती तिथंच उभी राहिली, कॅमेऱ्याकडं बघत.

आमच्या घरात खुर्चीवर बसलेले आबा पुढं वाकले.

"आन् तू जेवली का?"

तिनं तोंड उघडलं आणि डिस्क तिथंच अडकली.

प्लेअर कटकट करायला लागला. ह्यांनी रिमोट उचलला. आबांनी टीव्हीवरची नजर न काढता ह्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "सांगंल ती."