न लंगडता

त्या साऱ्या मंडळींचा मला आजही संताप येतो, आणि त्यांत मीही आले. ताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, मी मॅट्रिकला. तिच्या उजव्या गुडघ्याच्या वर सूज आली ती महिना झाला तरी उतरेना. मालिशवाल्यानं मुरगळला म्हणून तेल चोळलं. शेजारच्या काकूंनी “वाढीचं दुखणं आहे वं” म्हणून निकाल लावला. विसाव्या वर्षी कसली डोंबलाची वाढ?

बाबा एकदा म्हणाले, एक्स-रे काढू. आई उसळलीच. “दवाखान्यात कोणी पाहिलं तं पोरीशी लग्न कोण करन? आधी काटोलचं ठरू द्या.” काटोलच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याचं स्थळ सांगून आलं होतं. बाबा गप्प बसले. गप्प बसण्यात आमच्या घराचा हात कोणी धरला नसता.

पाहायला आलेले लोक तेव्हा मुलीला चालून दाखवायला लावत. म्हणून आठ दिवस आई ताईला ओसरीवर चालवत होती, न लंगडता. आणि मी शहाणी भिंतीला टेकून सांगत होते, “आता लंगडली.” पाहुण्यांत मुलाची आत्या होती. “चालून दाखव वं बाई,” ती म्हणाली. ताई दारापर्यंत गेली आणि आली, अगदी सरळ. तिचा ओठ घामानं भिजला होता. होकार आला, पेढे वाटले.

लग्नाला पंधरा दिवस असताना तिला उठवेना. तेव्हा कुठे मोठा दवाखाना आठवला. हाडाचा कॅन्सर, छातीपर्यंत पोचलेला. “सूज आली तेव्हाच आणायची होती,” डॉक्टर म्हणाले. ताईनं पुढची दिवाळी पाहिली नाही.

लोकांना सांगितलं, टायफॉइड झाला होता. का, तर आता माझं लग्न व्हायचं होतं.

दोन वर्षांनी मला पाहायला सावनेरचे आले. मुलाच्या आईनं विचारलं, मोठी कशानं गेली? आईनं टायफॉइडचं नाव घेतलं आणि माझं डोकं फिरलं. “कॅन्सरनं गेली,” मी म्हणाले. “आम्ही तो झाकून ठेवला होता.”

पोहे अर्धे टाकून ते उठले.

“आता तुले कोण पाहीन?” आई म्हणाली.

“ते राहू दे. उद्या माह्यं काही दुखलं तं आधी दवाखान्यात नेशीन का, तेवढं सांग.”

आई प्लेटा गोळा करत राहिली.